नात आपलीच, पण नोंद कुठे आहे?

गेल्या अंकात पासपोर्टवरच्या नावांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बरीचशी परदेशात जन्मलेल्या मुलांविषयी निघाली. त्यातली तीन आज घेतो. पहिलीचं उत्तर लांबलं आहे, कारण तिथे तारीख अंगावर आली आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी वकील नाही. परराष्ट्र खात्यात होतो, नोकरीतला मोठा काळ वेगवेगळ्या वकिलातींत पासपोर्ट आणि जन्मनोंदीच्या खिडकीमागे गेला. आता नौपाड्यात असतो आणि लोकांचे कागद वाचतो.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून कॅनडात टोरोंटोजवळ मिसिसागाला आहेत. दोघंही भारतीय, वर्क परमिटवर. नात तिथेच झाली, आता दहा महिन्यांची आहे. येत्या उन्हाळ्यात बिऱ्हाड आवरून कायमचं ठाण्याला यायचं ठरलंय, घोडबंदर रोडला फ्लॅटही घेतलाय. नातीचा अजून कुठलाच पासपोर्ट काढलेला नाही. मुलगा म्हणतो कॅनडाचा काढू आणि ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, करू. सून म्हणते भारताचाच हवा. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात, तिकडे काही करू नका, इथे आल्यावर साठ दिवसांत महापालिकेत जन्माची नोंद केली की झाली ती भारतीय. मला तर हेच कळत नाही, की आई-बाप दोघं भारतीय असताना पोरीला पुरावा कशाला लागावा? गुहागरकडे आमची थोडी शेतजमीन, आंब्याची कलमं आहेत, तीही पुढे तिच्याच नावावर करायची आहेत.
— एक आजी, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : ताई, पुरावा कशाला लागावा, इथूनच सुरुवात करतो. तुमची नात १९९५ साली जन्मली असती तर तुमचं म्हणणं बरोबर होतं. इथे जन्मलेल्या भारतीय आई-बापांना परदेशात झालेलं मूल तेव्हा आपोआप भारतीय असायचं, वकिलातीत कोणी पाऊल टाकलेलं असो वा नसो. ३ डिसेंबर २००४ पासून तसं राहिलेलं नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या चौथ्या कलमातली दुरुस्ती त्या दिवशी लागू झाली. तेव्हापासून परदेशात जन्मलेलं मूल भारतीय ठरतं ते त्याचा जन्म भारतीय वकिलातीत नोंदवला गेला तरच. मुदत जन्मापासून एक वर्षाची. शिवाय आई-बापांनी लिहून द्यायचं, की मुलाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे फाईल गृहमंत्रालयात दिल्लीला जाणार आणि ती कधी हलेल ते टोरोंटोतला खिडकीवरचा माणूस सांगू शकणार नाही. मी त्या खिडकीमागे बसलो आहे, म्हणून सांगतो.

तेव्हा आज नात कॅनडाची नागरिक आहे. कॅनडा आपल्या जमिनीवर जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व देतो, आई-बाप वर्क परमिटवर असले तरी देतो. भारताची मात्र ती अजून व्हायची आहे, आणि हातात दोन महिने आहेत.

सोसायटीतल्या गृहस्थांनी साठ दिवसांचं हवेतून काढलेलं नाही, हेही सांगायला हवं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या विसाव्या कलमात तशी तरतूद आहे. आई-बाप भारतात स्थायिक व्हायला परत आले आणि मुलाची नोंद वकिलातीत झालेली नसली, तर मूल भारतात पोचल्यापासून साठ दिवसांत ती इथे करता येते. पण त्या दाखल्यावर असतं काय? मूल कधी जन्मलं, कुठे जन्मलं, आई-बाप कोण. नागरिकत्वाचा रकानाच त्यात नाही, आणि महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाला नागरिकत्व द्यायचा अधिकारही नाही. तुमच्या नातीच्या बाबतीत ही नोंद चौथ्या कलमाची जागा घेऊ शकत नाही. दुसरं असं, की साठ दिवस मोजायला आधी पोरगी इथे पोचली पाहिजे. कुठलाच पासपोर्ट नसताना विमानात बसवणार कशी? हे त्या गृहस्थांना विचारून बघा.

आधारचाही भरवसा धरू नका. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळतं. २०१६ च्या आधार कायद्याचं नववं कलम तर सरळ सांगतं, की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. तरी लोक आधार लॅमिनेट करून देवघरात ठेवल्यासारखं ठेवतात आणि खरा कागद कुठल्या फाईलमध्ये आहे ते कोणाला आठवत नाही.

आता मुलगा बरोबर की सून बरोबर. दोघांच्या वाटा कायदेशीर आहेत, पण दोन्ही एकदम धरता येत नाहीत. मुलाच्या वाटेने गेलात तर आधी कॅनडाचा पासपोर्ट, मग ओसीआय कार्ड. ते हातात असलं की नात ठाण्यात कितीही वर्षं राहू शकते, परदेशी नागरिक म्हणून पोलिसांकडे नाव नोंदवायची गरज नाही, शाळेत प्रवेशाला अडचण नाही. पण ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, भारत ते देतच नाही. मत देता येणार नाही, घटनात्मक पदं नाहीत, सरकारी नोकरीही काही अपवाद सोडले तर नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईई यांसारख्या प्रवेशांत ओसीआय मुलांना एनआरआयांच्या बरोबरीने धरतात. फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर त्यांचा हक्क नाही. दहा महिन्यांच्या पोरीसाठी आत्ता हे दूरचं वाटेल, पण ठाण्यात बारावीपर्यंत शिकून मेडिकलची फी एनआरआय दराने समोर आली की घरात काय होतं, ते मी ओळखीच्या एका घरात पाहिलं आहे. बाप आठवडाभर कोणाशी बोलत नव्हता.

गुहागरच्या कलमांचंही इथेच सांगतो. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारशाने मात्र येऊ शकते. तेव्हा नात ओसीआय झाली, तर प्रेमाच्या भरात बक्षीसपत्र करायला निबंधकाकडे जाऊ नका, मृत्युपत्राचं बघा. भारतीय झाली तर नागरिकत्वाची ही अडचण उरतच नाही.

सुनेच्या वाटेने गेलात तर वर्षाच्या आत टोरोंटोच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जन्माची नोंद आणि त्याला जोडून भारतीय पासपोर्ट. याचीही किंमत आहे आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. कॅनडाच्या लेखी नात त्यांची नागरिकच राहणार. त्यामुळे पुढे जुन्या शेजाऱ्यांना भेटायला म्हणून मिसिसागाला न्यायचं ठरवलं तर तिच्या भारतीय पासपोर्टवर कॅनडा व्हिसा देणार नाही, स्वतःच्या नागरिकाला कोण व्हिसा देतो? नोव्हेंबर २०१६ पासून दुहेरी नागरिकांना कॅनडाला जाणाऱ्या विमानात चढायला कॅनडाचाच पासपोर्ट लागतो. आणि तो काढला की भारताला लिहून दिलेलं खोटं पडलं. थोडक्यात, भारतीय पासपोर्ट काढलात तर ती मोठी होईपर्यंत तिच्यासाठी कॅनडा विसरायचा.

मोठी झाल्यावरही एक गाठ आहे. परदेशी नागरिकत्वही असलेल्या अशा मुलाने अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत ते दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. हे त्याच चौथ्या कलमात लिहिलं आहे. कॅनडा अठराच्या आधी नागरिकत्व सोडू देत नाही. म्हणजे अर्ज अठराव्या वाढदिवसाच्या आधी करता येत नाही आणि नंतर हातात सहाच महिने. नातीच्या जन्मनोंदीच्या फाईलवर ही तारीख आत्ताच पेनाने लिहून ठेवा. तोपर्यंत आपण दोघं असू-नसू.

माझं मत विचाराल तर ते परतीच्या तिकिटावर ठरतं. कायमचं येणं खरंच कायमचं असेल, कॅनडातलं पीआर (कायम राहण्याचा परवाना) वगैरे मनात नसेल, तर सुनेचं ऐका. पण मुलाच्या डोक्यात ‘बघू, जमलं नाही तर दोन वर्षांनी परत जाऊ’ असं असेल तर त्याने ते आत्ता बोलावं. मग कॅनडाचा पासपोर्ट आणि ओसीआयच बरं, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. ते दारही पुरतं बंद होत नाही. ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षं झालेली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेली सज्ञान व्यक्ती पाचव्या कलमाखाली भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. तेव्हा कॅनडाचं सोडावं लागेल, एवढंच. सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे काहीच न ठरवता वाढदिवसाचा केक कापणं.

आता सुनेच्या वाटेचे, म्हणजे कॉन्सुलेटमधल्या जन्मनोंदीचे कागद. अर्ज गृहमंत्रालयाच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर भरायचा, छापायचा, त्यावर आई-बाप दोघांच्या सह्या. सोबत दोघांचे पासपोर्ट, कॅनडातल्या परमिटच्या प्रती, लग्नाचं प्रमाणपत्र आणि नातीचा तिथला जन्मदाखला. दाखला आई-बापांची नावं असलेला लांब नमुन्यातला मागवा. नुसत्या मुलाच्या माहितीचा छोटा दाखलाही तिकडे मिळतो आणि घाईत लोक तोच घेऊन येतात.

खिडकीवर सगळ्यात जास्त काय अडत असेल तर आईचं नाव. परदेशातल्या जन्माच्या फॉर्मवर बरेचदा आईचं लग्नाआधीचं आडनाव विचारतात. समजा सून माहेरची केळकर आहे आणि पासपोर्टवर सासरची सावंत. दाखल्यावर आई केळकर, पासपोर्टवर सावंत, आणि मधे आपल्या पद्धतीने घातलेलं नवऱ्याचं नाव, जे तिकडचा कारकून कधी मधलं नाव म्हणून घेतो तर कधी आडनावालाच चिकटवतो. समोर बसलेल्याला त्या दोन बायका वाटतात. मी स्वतः अशा अर्जांवर लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढली आहेत, आणि समोरची बाई कडेवरच्या बाळाकडे बोट दाखवून विचारायची, ‘हे काय मी उसनं आणलंय?’ या दोन नावांना जोडणारा कागद एकच, लग्नाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. इथे तुमचं काम आहे, ताई. लग्न ठाण्यात झालं असेल तर प्रभाग समितीच्या कार्यालयातून मिळालेलं ते प्रमाणपत्र तुमच्याच कपाटात असण्याची शक्यता जास्त. शोधा, त्यावर सुनेची आधीची आणि नंतरची दोन्ही नावं नीट आहेत का वाचा, आणि फोटो काढून आजच पाठवा. लग्नपत्रिका, अल्बम, मंगल कार्यालयाची पावती यातलं काही चालत नाही. लग्नाची नोंदच केली नसेल तर ते काम आधी.

नोंद झाली की जे प्रमाणपत्र मिळेल त्यावर नोंद नागरिकत्व कायद्याच्या कलम ४(१) खाली झाल्याचा उल्लेख आहे का, आणि नात, आई, बाप तिघांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, हे खिडकी सोडण्याआधी मुलाने वाचावं. चूक तिथल्या तिथे सुटते, ठाण्यात आल्यावर सुटता सुटत नाही. आणि ते लॅमिनेट करू नका. पुढे कधी त्यावर शिक्का मारायचा झाला तर प्लास्टिकवर कोणी मारत नाही.

प्रश्न : माझा जन्म १९८८ साली कुवेतचा. १९९० च्या युद्धात आई मला घेऊन जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे मुंबईला आली, वडील मागाहून आले. सामान, कागद सगळं तिथेच राहिलं. माझा भारतीय पासपोर्ट आहे, त्यावर जन्मस्थळ कुवेत. आता ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी जन्मदाखला मागतायत. वडील हयात नाहीत. आईचा जुना, रद्द झालेला पासपोर्ट आहे, त्यात माझं नाव आहे. एक एजंट म्हणतो जन्म वाशीचाच दाखवून दाखला काढून देतो, नाहीतर तुझं नागरिकत्वच संशयात येईल. काय करू?
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : एजंटचा फोन नंबर आधी खोडा. तुमच्या पासपोर्टवर कुवेत आहे, शाळेच्या दाखल्यावर कुवेत असणार, आणि ऑस्ट्रेलियाला वाशीचा दाखला पाठवलात तर खोटेपणा तुम्हीच लेखी कबूल केल्यासारखं होईल. उद्या त्याच दाखल्यावरून पासपोर्टमध्ये बदल मागितलात तर पासपोर्ट कायदा, १९६७ च्या बाराव्या कलमाखाली जाणूनबुजून खोटी माहिती देणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते.

नागरिकत्वाची भीती मनातून काढा. तुमचं वर्ष १९८८. वरच्या आजींच्या नातीला लागू असलेली वकिलातीतल्या नोंदीची अट तुम्हाला नाही. २६ जानेवारी १९५० पासून १० डिसेंबर १९९२ च्या आधीपर्यंत परदेशात जन्मलेल्याचं नागरिकत्व वडिलांवरून ठरतं. वडील तुमच्या जन्माच्या वेळी भारतीय होते आणि त्यांचा स्वतःचा जन्म भारतातला, तर तुम्ही जन्मापासून भारतीय. गंमत म्हणजे तेव्हाच्या कायद्यात आईच्या नागरिकत्वाला किंमत नव्हती. ती १० डिसेंबर १९९२ पासून जन्मलेल्यांसाठी आली. आईने मूल छातीशी धरून वाळवंट ओलांडायचं आणि कायद्याने बापाचा कागद मागायचा, असा तो काळ होता.

म्हणून तुमच्याकडे दोन प्रकारचे कागद हवेत. आईचा जुना पासपोर्ट हा पहिला, आणि तो सोन्यासारखा जपा. तेव्हा लहान मुलांना वेगळा पासपोर्ट न काढता आई-बापाच्या पासपोर्टवर नाव चढवायची पद्धत होती. आत मुलांसाठीचं पान असतं: नाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, आणि खाली वकिलातीचा गोल शिक्का व सही. कोपरा कापलेला असला, ‘रद्द’ असा शिक्का असला, तरी १९८८-९० साली भारतीय अधिकाऱ्याने तुमची नोंद पाहून सही केली होती, हे त्या पानावरून दिसतं. त्याची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रंगीत प्रत करा. ऑगस्ट १९९० नंतरचे जॉर्डनचे आणि मुंबई विमानतळाचे शिक्के पुसट असतील, ते उजेडात धरून वेगळे स्कॅन करा. त्या दोनेक महिन्यांत एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून जास्त माणसं आणली. तुमच्यासारखी कागद नसलेली मुलं त्यात पुष्कळ होती, तुमची कहाणी कुठल्याही अधिकाऱ्याला नवलाची वाटणार नाही.

दुसरा कागद वडिलांचा. पासपोर्ट राहिला नसेल तर गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा. जुन्या रजिस्टरात नाव, जन्मतारीख, जन्मगाव सापडतं. मुख्याध्यापकांना आधी फोन करून जा, सुट्टीत रजिस्टरं कपाटात आणि कपाटाची किल्ली भलत्याकडेच, असा अनुभव आहे.

मग जन्मदाखल्याचं. जन्माच्या वेळी वडिलांनी कुवेतच्या भारतीय दूतावासात नोंद केली होती का, हे आईला विचारा. केली असेल तर दूतावासाला लिहून नोंदीची प्रत मागा, सोबत आईच्या पासपोर्टच्या त्या पानाची प्रत जोडा. कुवेत सरकारकडची मूळ नोंद मागवायचा मार्गही उघडा आहे. तिथे जन्म-मृत्यूची नोंद आरोग्य मंत्रालय ठेवतं. तिथे नातेवाईक किंवा ओळखीचं कोणी असेल तर त्याच्या नावाने अधिकारपत्र करून द्या, तुमच्या पत्रापेक्षा खिडकीसमोर उभा राहिलेला माणूस लवकर उत्तर आणतो.

दोन्हीकडून नकार आला, तर तो नकारही लेखी घ्या. परदेशी सरकारं मूळ दाखला मिळत नसल्याचा कागद आणि त्यासोबत इतर पुरावे बरेचदा विचारात घेतात, तुमच्या अर्जाच्या सूचनांत याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. नवी मुंबई महापालिकेत उशिराची नोंद करणं हा शेवटचा मार्ग. आई-बाप स्थायिक व्हायला परत आले होते, त्यामुळे १९६९ च्या कायद्यात त्याला जागा आहे, पण इतक्या वर्षांनी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे काम न्यायालयाऐवजी जिल्हा, उपविभागीय किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आहे. महाराष्ट्रात उशिराच्या जन्मनोंदींची अलीकडे कडक छाननी होते. केलीत तर त्यातही जन्मस्थळ कुवेतच लिहा.

प्रश्न : मुलीचा जन्म २००८ चा, दुबईचा. तेव्हाच तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये नोंद केली, प्रमाणपत्र आहे, भारतीय पासपोर्ट आहे. गेली बारा वर्षं आम्ही खारघरला. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचं प्रमाणपत्र काढायला एका सेतू केंद्रात गेलो, तर तिथल्या माणसाने सांगितलं, जन्म बाहेरचा आहे, महापालिकेचा जन्मदाखला आणा, ठाण्याहून काढा.
— एक पालक, खारघर

उत्तर : तुम्ही वेळेत नोंद केलीत, त्यामुळे तुमचं काम तिघांत सोपं आहे. वकिलातीत झालेली जन्मनोंद १९६९ च्या कायद्याच्या विसाव्या कलमाखाली याच कायद्याखाली केलेली नोंद मानली जाते. तेव्हा पनवेल, नवी मुंबई किंवा ठाणे, कुठल्याही महापालिकेचा आणखी दाखला लागत नाही आणि काढायला जाऊही नका. एकाच जन्माचे दोन दाखले झाले की पुढे कुठला खरा, यावर वाद घालत बसाल.

‘ठाण्याहून काढा’ हे तर सपशेल चुकीचं. खारघरला आपण नवी मुंबई म्हणतो, पण ते पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतं. तुमची तहसील पनवेल आणि जिल्हाधिकारी अलिबागला. अर्ज ऑनलाइन भरताना जिल्हा रायगड, तालुका पनवेल निवडा. ठाणे निवडून भरलेला अर्ज परत येतो आणि प्रवेशाच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत.

अर्जाला कॉन्सुलेटचं जन्मप्रमाणपत्र, मुलीच्या पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, तुमचे दोघांचे पासपोर्ट, शाळेचे दाखले आणि राहण्याचे जुने पुरावे जोडा. शाळेच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’ लिहिलंय का ते आधी बघा. परदेशातून आलेल्या मुलांच्या बाबतीत काही शाळा तो रकाना मोकळाच सोडतात. मोकळा असेल तर मुख्याध्यापकांकडून आत्ताच भरून घ्या, निकालानंतर शाळेच्या ऑफिसात रांग असते. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत राष्ट्रीयत्वाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो का तेही वाचा, अनेक ठिकाणी चालतो. मग घाई फक्त अधिवासाची राहते.

केंद्रातला माणूस अर्जच घेत नसेल तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर स्वतः भरा, पोचपावती मिळते. नामंजूर झाला तर कारण लेखी येईल. त्यावर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपिलात लांबलचक गाऱ्हाणं नको. कॉन्सुलेटच्या प्रमाणपत्राचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि विसावं कलम, एवढं चार ओळींत लिहा आणि पासपोर्टची प्रत जोडा.